उन्हातील अदृश्य किरण

ऊन कडक आहे की सौम्य, हे मनुष्य बहुधा घामावरून ठरवितो. ही कसोटी अपुरी आहे. सूर्यप्रकाशातील उष्णता अंगास जाणवते. परंतु त्याच प्रकाशातील जंबुपार अथवा अतिनील किरण डोळ्यांस दिसत नाहीत व त्वचेस जाणवतही नाहीत. त्यांचा परिणाम काही तासांनी, कधी तर काही वर्षांनी प्रकट होतो.

या किरणांचा शोध रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ साली लावला. लोलकातून पडलेल्या सप्तरंगी पट्ट्यात जांभळ्या रंगापलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते, तेथे ठेवलेले सिल्व्हर क्लोराइड सर्वांत लवकर काळे पडले.

वातावरणातील ओझोन वायू या किरणांचा बराच भाग शोषून घेतो. सूर्य माथ्यावर असता किरणांचा हवेतील मार्ग आखूड होतो, म्हणून त्या वेळी त्यांचा जोर सर्वाधिक असतो. पणजी व वडोदरे येथे ही वेळ मे महिन्यात घड्याळाप्रमाणे साडेबाराच्या सुमारास येते, हैदराबादेस थोडी आधी. हवा मात्र दुपारी दोन-तीनच्या सुमारास सर्वाधिक तापते. म्हणजे उकाडा व किरणांचा जोर यांच्या वेळा एक नव्हेत.

ऋतूंचेही तसेच आहे. गोव्यात सूर्य वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो: एकदा मेच्या आरंभी आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. पहिल्या वेळी लोक सावली शोधतात. दुसऱ्या वेळी श्रावणातील गार वाऱ्यामुळे कोणी सावध राहत नाही. पातळ ढगांतून हे किरण बऱ्याच प्रमाणात पार होतात. पांढऱ्या वाळूवरून व समुद्राच्या फेसावरून ते परावर्तित होतात, आणि उंची दर हजार मीटरांनी वाढली की त्यांचा जोर सुमारे दहा टक्के वाढतो.

हा जोर मोजण्यासाठी अतिनील निर्देशांक वापरतात. तो ३ वा अधिक असल्यास संरक्षण घ्यावे. ८ ते १० अति तीव्र आणि ११ व त्यापुढे पराकोटीचा समजतात.

सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य काही प्रमाणात ढालीचे काम करते, तथापि डोळ्यांस त्याचा आधार पुरत नाही. दीर्घकाळ हे किरण डोळ्यांत गेल्यास मोतीबिंदूचा संभव वाढतो. होडीवरील कोळी, शेतात राबणारी स्त्री, भर दुपारी मैदानावर खेळणारी मुले यांना हा धोका विशेष आहे. काळी काच पुरेशी नव्हे. अतिनील किरण न अडविणाऱ्या काळ्या चष्म्यामागे बाहुली विस्फारते व उलट अपायच होतो. म्हणून किरण अडविण्याची हमी असलेलाच चष्मा घ्यावा. रुंद काठाची टोपी, छत्री, घट्ट विणीचे पूर्ण बाह्यांचे कापड ही साधने उत्तम होत. मलम लाविल्यास दर दोन तासांनी, तसेच घाम वा पाण्यानंतर, पुन्हा लावावे.

उन्हाशी वैर मात्र धरू नये. हाडांस आवश्यक असलेले ड जीवनसत्त्व याच किरणांमुळे त्वचेत तयार होते. त्यासाठी अंग भाजेपर्यंत उन्हात राहण्याची गरज नसते.

यंत्र जवळ नसले तरी एक मोजपट्टी प्रत्येकाच्या पायाशी असते. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडली, की किरणांचा जोर वाढला असे समजावे आणि झाडाचा वा छपराचा आश्रय घ्यावा.