शाळा सुरू होताना: सिकलसेलचे मूल आणि त्याचे वर्गशिक्षक

जूनच्या मध्यावर राज्यातल्या शाळा उघडतात. विदर्भात ऊन उतरलेले नसते, म्हणून तिथे आठवडा-दोन आठवडे उशिरा. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव असतो. दाराला तोरण, मुलांच्या हातात फूल, नवी पुस्तके, कुठे कुठे गोड खाऊ. एरवी फाटकावरूनच मागे फिरणारे आईवडील त्या दिवशी आत जातात. बाईंच्या आणि सरांच्या हातातही नवी हजेरी असते, कोणते मूल कसे आहे हे त्यांना अजून ठाऊक नसते. ज्या घरात सिकलसेलचे मूल आहे त्या घराने हा दिवस वाया घालवू नये. फुले वाटून झाली की वर्गशिक्षकांना पाच मिनिटे बाजूला घेऊन बोलावे. काय बोलायचे आणि कशासाठी, ते इथे लिहिले आहे. आपल्या वस्तीतल्या शिक्षकांनीही हे पान वाचावे.

आधी आजार समजून घेऊ. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, त्यामुळे त्या केसाएवढ्या बारीक नळ्यांतूनही सहज निघून जातात. सिकलसेलच्या माणसाच्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचे असते. शरीरात प्राणवायू किंवा पाणी कमी पडले की या पेशी कडक होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव. वाकलेल्या पेशी बारीक नळ्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही आणि तिथे असह्य दुखते. शिवाय चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही मात्र १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून मुलाच्या अंगात रक्त कमी असते आणि डोळे पिवळे दिसतात.

हा आजार आईवडिलांकडून येतो, आणि दोघांकडून येतो. एकट्या आईला बोल लावणाऱ्या सासूने हे वाक्य पुन्हा वाचावे. एकाच बाजूने जनुक आले तर ते मूल वाहक असते. रिपोर्टवर 'एएस' लिहिलेले असते. ते आजारी नाही, त्याने इतर मुलांसारखे खेळावे, धावावे. दोन्ही बाजूंनी आले तर 'एसएस', म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तिन्ही चांगलीच होतील असा हिशेब मात्र करू नये, दर वेळी डाव नव्याने मांडला जातो.

मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ साली आला. त्यानंतरच्या तपासण्यांत विदर्भातल्या गोंड, माडिया, परधान अशा आदिवासींत, नंदुरबारकडच्या भिल्ल-पावरांत आणि आपल्या समाजातही हे जनुक बऱ्याच प्रमाणात आढळले. कुणबी, तेली घरांतही ते सापडते, प्रमाण कमी. यात कोणाच्या रक्ताच्या चांगल्या-वाईटपणाचा काही संबंध नाही. जिथे हिवतापाने माणसे मरत, तिथे या जनुकाचे वाहक गंभीर हिवतापातून जास्त वाचले, त्यांची मुलेबाळे झाली आणि जनुक टिकले. करणी, बाधा, कोणाची नजर यांचा संबंध लावून बुवाकडे घालवलेले दोन दिवस मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

आता शाळेकडे वळू. या पेशी वाकायला जी कारणे लागतात त्यांतली बरीचशी शाळेत हजर असतात. तहान, दमणूक, गारठा, भिजणे, ताप, भीती.

सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याची. सिकलसेलच्या मुलाची मूत्रपिंडे लघवी दाट करू शकत नाहीत. त्यामुळे पाणी अंगात टिकत नाही, लघवीला पुन्हा पुन्हा लागते, मोठेपणीही अंथरूण ओले होते. (त्यावरून मुलाला मारणारी घरे आहेत. मारू नका, त्याच्या हातात काही नाही.) म्हणजे या मुलाला पाणीही जास्त हवे आणि लघवीची सुट्टीही जास्त हवी. वर्गात नेमके उलटे घडते. "आत्ताच तर गेली होतीस" म्हणून मुलीला बसवले जाते. मग ती पुढच्या दिवशी पाणीच पीत नाही. शाळेतले संडास घाण असतील, कडी नसेल, तर वयात आलेल्या मुली सकाळपासून घोटभरही पाणी पीत नाहीत. निरोगी मुलीलाही ते वाईटच. सिकलसेलच्या मुलीला त्याच दुपारी पाय दुखायला लागतात आणि रात्री दवाखान्यात न्यावे लागते. बाईंना पहिली विनंती हीच करावी: बाटली बाकावर राहू द्या, आणि बाहेर जायला विचारले तर नाही म्हणू नका.

वीस किलो वजनाच्या मुलाने दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी प्यावे. एवढे पाणी शाळेतच पिऊन होत नाही. घरून निघण्याआधी एक मोठा पेला, शाळेत एक बाटली, आल्यावर पुन्हा. वस्तीत नळ पहाटे येतो आणि हंडे मोजून भरावे लागतात हे आम्हाला माहीत आहे. तरी या मुलाची बाटली आधी भरावी. शाळेचे पाणी पिण्याजोगे आहे की नाही ते त्याच दिवशी बघून घ्यावे. ते शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारायचा हक्क पालकांना आहे.

दुसरी गोष्ट पावसाची. शाळा सुरू होते तेव्हाच पाऊस सुरू होतो. भिजलेल्या कपड्यांत पंख्याखाली बसलेले मूल गारठते आणि दुखणे उठते. दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा सदरा, एक चड्डी किंवा सलवार ठेवावी. भिजून आले तर बाईंनी ते बदलू द्यावे. हिवाळ्यात सकाळच्या शाळेला स्वेटर गणवेशाच्या रंगाचा नाही म्हणून काढायला लावू नये. जुलै संपला की १५ ऑगस्टच्या कवायतीचा सराव सुरू होतो. तास-दीड तास मैदानात, कधी उन्हात, कधी रिमझिमीत. सिकलसेलच्या मुलाला त्यातून वगळावे, पण एकटे वर्गात बसवू नये. घोषणा देणे, झेंडा धरणे, ढोलाचा ठेका देणे, असे काही काम त्याला द्यावे. खेळाच्या तासाला ते हलके खेळू शकते. दम लागला की बसायची मोकळीक हवी, एवढेच. शर्यतीत उतरवू नये आणि थंड पाण्यात पोहायला पाठवू नये.

शिक्षेबद्दल वेगळे सांगायला नको. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास बंदी आहे, मूल निरोगी असले तरी. मैदानाला फेऱ्या, उन्हात उभे करणे, उठाबशा यांनी सिकलसेलच्या मुलाचे दुखणे हमखास उठू शकते. पोटावर गुद्दा तर अजिबात नको. काही मुलांची प्लीहा, म्हणजे डाव्या बरगडीखालची पाणथरी, वाढलेली असते. वर्गातल्या पोरांची ढकलाढकलीही सरांनी तेवढ्यासाठी आवरावी.

शाळेत सर्वांत जास्त गैरसमज दुखण्याबद्दल होतो. सकाळी हसत आलेले मूल अकरा वाजता म्हणते, "बाई, पाय लय दुखून रायला." सूज नाही, जखम नाही, ताप नाही. पेपरच्या दिवशीच दुखले तर बाईंना ढोंग वाटते. पण आतल्या नळ्या बंद झाल्याचे बाहेरून काही दिसत नाही, आणि पेपरची धास्ती हेही दुखणे उठायचे एक कारण असू शकते. अशा वेळी मुलाला बसवावे, पाणी पाजावे, अंगावर ओढणी किंवा शाल घालावी, घरी फोन करावा. बर्फ लावू नये. डॉक्टरांनी पॅरासिटामॉलची वजनाप्रमाणे मात्रा लिहून दिली असेल तर तेवढीच द्यावी. डोळे पिवळे दिसतात म्हणून 'कावीळ आहे, इतरांना होईल' असे सांगून त्याला घरी पाठवणे चूक आहे. हा पिवळेपणा फुटलेल्या पेशींचा असतो आणि तो कोणालाही लागत नाही. डोळे एकदम नेहमीपेक्षा जास्त पिवळे झाले तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. मेंदूतल्या बारीक नळ्या अडकून लहान लहान इजा होऊ शकतात आणि त्या कळतही नाहीत. आधी हुशार असलेले मूल मागे पडू लागले, लक्ष लागेना, हात थरथरू लागला, तर त्याला आळशी ठरवण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

काही वेळी घरच्यांची वाट न बघता १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा लागतो. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून धाप लागली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एक हात-पाय लुळा पडला, पोट डावीकडे फुगून मूल पांढरेफटक पडले, यांतले काहीही झाले तर उद्यावर टाकू नये. तापाला आपण 'पावसाळ्यात येतोच' म्हणतो. या मुलांची पाणथरी काम करत नसल्याने साधा संसर्गही काही तासांत रक्तात पसरू शकतो. मुलग्यांच्या बाबतीत अजून एक: लिंग ताठ होऊन दुखत राहणे. लाजेने मुले हे कोणालाच सांगत नाहीत. बापाने किंवा मोठ्या भावाने आधीच सांगून ठेवावे की असे झाले तर लगेच सांगायचे आणि दवाखान्यात जायचे.

औषधांत हायड्रॉक्सियुरियाची गोळी महत्त्वाची. तिने दुखण्याच्या पाळ्या कमी होतात. बरे वाटते म्हणून ती बंद करू नये, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासायला जावे. सोबत फॉलिक ॲसिड असते. ही औषधे सरकारी रुग्णालयात मिळतात. न्यूमोनियाची लस आता बाळांना सरकारी लसीकरणात मिळते, पण मोठ्या मुलांची राहून गेलेली असू शकते, तेवढे विचारून घ्यावे. शाळेत आठवड्याला वाटली जाणारी लोहाची गोळी मात्र या मुलाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्त कमी आहे ते लोह नाही म्हणून नव्हे, पेशी फुटतात म्हणून. ज्यांना वारंवार रक्त चढवले जाते त्यांच्या अंगात लोह आधीच साठलेले असते. गोळी वाटणाऱ्या बाईंना हे ठाऊक नसेल, तर ती त्या मुलालाही रांगेत उभे करणारच.

बोललेले विसरले जाते आणि वर्षाच्या मध्ये शिक्षकांची बदलीही होते. म्हणून एक चिठ्ठी द्यावी. साध्या वहीच्या पानावर चालेल:

"माझ्या मुलीला सिकलसेल (एसएस) आहे. हा आजार इतरांना लागत नाही. तिला पाणी प्यायला आणि लघवीला जायला कधीही परवानगी द्यावी. ती भिजली, दमली किंवा गारठली तर तिला दुखते, तेव्हा मला फोन करावा. लोहाची गोळी देऊ नये. ताप, छातीत दुखणे, धाप, अशक्तपणा दिसल्यास १०८ ला कळवावे. तिची फाइल अमुक दवाखान्यात आहे. फोन नंबर दोन: माझा आणि शेजाऱ्यांचा."

शेजाऱ्यांचा नंबर जरूर लिहावा. आईवडील दोघेही कामावर असतात आणि साइटवर किंवा लोकांच्या घरी काम करताना फोन उचलता येत नाही. चिठ्ठीच्या तीन प्रती काढाव्या: वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि खेळाचे सर. मूल वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत असेल तर चौथी गृहपालांना. शिक्षकांनी ही गोष्ट वर्गासमोर जाहीर करू नये. मुलाला आणि घरच्यांना चालत असेल तेव्हाच शेजारी बसणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला सांगावी.

दवाखान्यात गेलेल्या दिवसांसाठी मुलाला 'दांडीबहाद्दर' म्हणू नये, वही कोणाकडून तरी घरी पोचवावी. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळवून ठेवले तर दहावी-बारावीच्या परीक्षेला तासाला २० मिनिटे जास्त मागता येतात. हे काम दहावीच्या फेब्रुवारीत सुचते, तेव्हा रांगा लागलेल्या असतात. आठवी-नववीतच करून घ्यावे.

घरात एक मूल रुग्ण असेल तर भावंडांचीही तपासणी करावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पहिली चाचणी होते. ती सदोष आली तर मोठ्या रुग्णालयात दुसरी, आणि त्या दुसरीतूनच वाहक की रुग्ण ते कळते. पहिल्या चाचणीवर थांबलेली पुष्कळ घरे आहेत. 'सिकल आहे' एवढेच सांगितले, पण एएस की एसएस ते कोणी विचारलेच नाही. १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन, त्या आठवड्यात बऱ्याच आरोग्य केंद्रांत शिबिरे असतात. आशाताईंना तारीख विचारून ठेवावी, आणि शाळेच्या नव्या पुस्तकांना कव्हर घालताना रिपोर्टची एक झेरॉक्सही दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवून द्यावी.