फेस न येणारी बाटली

गेल्या पावसाळ्यात नातू गुडघा फोडून घरी आला. अम्मीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतली तपकिरी बाटली काढली आणि औषध जखमेवर ओतलं. ना चुरचुर झाली, ना फेस आला. अम्मी म्हणाली, "अरे, याचं पाणी झालं की काय?"

अम्मी बोलली ते शब्दशः खरं होतं. पाण्याच्या रेणूत प्राणवायूचा एक अणू जास्तीचा आला की हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. लुई जाक तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८१८ साली ते शोधलं. हा जास्तीचा अणू मोठा चंचल. ऊन, उष्णता, धूळ किंवा धातूचा कण यांचं निमित्त मिळालं की तो निघून जातो आणि मागं उरतं निव्वळ पाणी. रंग बदलत नाही, वासही येत नाही. बाटली भरलेलीच दिसते, म्हणून आपण फसतो.

आम्हा कल्याणकरांना ही वस्तू परकी नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या नॅशनल पेरॉक्साइड कंपनीचा कारखाना इथंच, मोहने-आटाळीच्या बाजूला आहे. कापड आणि कागद शुभ्र करायला वापरतात ते पेरॉक्साइड अतिशय तीव्र असतं, त्वचा भाजून काढणारं. औषधाच्या दुकानात मिळतं ते बहुधा ३ किंवा ६ टक्क्यांचं. लेबलवर '२० व्हॉल्यूम' असेल तर ते सुमारे ६ टक्क्यांचं समजावं. म्हणजे त्याच्या एका मिलिलिटरमधून २० मिलिलिटर प्राणवायू सुटू शकतो.

सीलबंद बाटली लेबलवरच्या तारखेपर्यंत टिकते. सील उघडलं की मात्र उतार सुरू होतो. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनानं लिहावी आणि सहा महिन्यांनी नवी आणावी. शंका आली तर चिरलेल्या बटाट्यावर दोन थेंब टाका. बुडबुडे आले नाहीत तर औषध संपलं. आले तरी ते पूर्ण ताकदीचं आहे, असं मात्र समजू नका.

बाटली तपकिरी असते ती उजेड अडवण्यासाठी. तिची जागा खिडकीत नाही, गॅसजवळ नाही, गरम पाण्याच्या मोरीतही नाही. थंड, कोरडं, मुलांच्या हाताला न लागणारं कपाट बरं. कापूस बाटलीत बुडवू नये. वाटीत काढलेलं उरलं तर परत ओतू नये. आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरू नये. दिसायला ते पाण्यासारखंच असतं. कुणी चुकून प्यायलं तर ओकारी काढायला लावू नका, तडक डॉक्टरांकडे न्या.

आणखी एक गैरसमज आहे. फेस आला म्हणजे जंतू मेले, असं आपण धरून चालतो. खरं तर रक्तातल्या आणि पेशींमधल्या कॅटॅलेज नावाच्या विकरामुळं प्राणवायू सुटतो, त्याचा तो फेस. जखम भरून आणणाऱ्या नव्या पेशींनाही पेरॉक्साइड इजा करतं. म्हणून साध्या खरचटण्याला वाहतं पाणी आणि साबण पुरे, असं डॉक्टर आता सांगतात. जखम खोल असेल तर दवाखाना गाठावा.

नातवाचा गुडघा शेवटी साबण-पाण्यानंच धुतला. तो पोरगा चार दिवसांत पुन्हा पळू लागला. खिडकीतल्या बाटलीच्या जागी अम्मीनं आता पुदिन्याची कुंडी ठेवली आहे. तिला ऊन मानवतं.