सरीसृपांचे अश्मीभूत दात कसे ओळखावेत?

इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात, लुईस या गावी, गिडियन मँटेल हे वैद्यकीचा व्यवसाय करीत. रुग्णसेवेतून उरलेला वेळ ते आसपासच्या खाणींतील अश्मीभूत अवशेष जमविण्यात घालवीत. १८२२ च्या सुमारास त्यांच्या संग्रहात काही मोठे, माथा झिजलेले दात आले. लंडनच्या विद्वानांनी ते मोठ्या माशाचे किंवा अलीकडच्या काळातील सस्तन प्राण्याचे ठरविले. पॅरिसचे विख्यात शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांना तर प्रथमदर्शनी त्यांत गेंड्याचा दात दिसला. त्यात नवल नव्हते. अन्न चावून दात झिजविणारा सरीसृप तोवर कोणास ठाऊकच नव्हता. पुढे लंडनच्या एका संग्रहालयात मँटेल यांना इग्वाना या सरड्याचे दात दाखविण्यात आले. आकाराने लहान असले तरी त्यांची घडण तशीच होती. १८२५ मध्ये मँटेल यांनी आपल्या प्राण्यास ‘इग्वानोडॉन’, म्हणजे इग्वानासारख्या दातांचा, असे नाव दिले.

छंद म्हणून अवशेष जमविणाऱ्यास दातच अधिक सापडतात, यास दोन कारणे आहेत. दातावरील लुकण हाडापेक्षा कठीण असते. आणि बहुतेक सरीसृपांचे दात जन्मभर पडत व नव्याने उगवत राहतात. म्हणून दाताचा तळ प्रथम पाहावा. मूळ विरून गेले असून तळ खोलगट असेल, तर तो दात प्राणी जिवंत असतानाच गळला असावा. मूळ शाबूत असेल, तर जबडाही जवळपास असण्याचा संभव असतो.

यानंतर भिंगातून दंतमुकुट न्याहाळावा. सुसरी-मगरींचा दात सामान्यतः शंकूसारखा असतो. त्यावर उभ्या बारीक रेघा व समोरासमोर दोन कडा आढळतात. मांसाहारी डायनोसॉरचा दात बहुधा दोन्ही बाजूंनी चपटा व मागे वाकलेला असून त्याच्या कडांवर करवतीसारखे सूक्ष्म दाते असतात. पाच मिलिमीटर लांबीत असे किती दाते बसतात, हे शास्त्रज्ञ मोजतात. टायटॅनोसॉर या अवाढव्य शाकाहारी प्राण्यांचे दात पेन्सिलीसारखे बारीक असत. दाताला दोन-तीन मुळे दिसली, तर तो बहुधा सस्तन प्राण्याचा समजावा.

तथापि, एका दातावरून नेमकी जाती सांगणे हे बहुधा धाडसाचे ठरते. याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नागपूरजवळ टाकळी येथे मिळालेला एक दात लायडेकर यांनी १८९० मध्ये मासोस्पाँडिलस या प्रजातीत घातला. ही प्रजाती दक्षिण आफ्रिकेतील असून सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीची आहे. टाकळीचे थर मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. आज तो दात एखाद्या मांसाहारी डायनोसॉरचा मानला जातो. करवती कडा अनेक गटांत आढळतात, हे अशा चुकीचे मूळ होय. खुद्द मँटेल यांनीही दातांवरून इग्वानोडॉनची लांबी ६० फुटांहून अधिक ठरविली होती. १८७८ मध्ये बेल्जियममधील बेर्निसार येथे पूर्ण सांगाडे सापडले, तेव्हा ती याच्या जवळपास निम्मीच असल्याचे दिसून आले.

यावरून संग्राहकाचे कर्तव्य स्पष्ट होते. दाताइतकेच महत्त्व तो ज्या थरात सापडला त्या थरास असते. टाकळीच्या दाताचे ठिकाण नोंदलेले नसते, तर ती चूक कदाचित आजही तशीच राहिली असती. म्हणून गाव, ओढा किंवा खाण, खडकाचा रंग व थर, तसेच तारीख ही तेथल्या तेथे लिहून ठेवावीत. मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे. दात खडकात रुतलेला असल्यास तो उपटू नये. आम्लाने धुणे, घासणे वा चकाकी देणे टाळावे, कारण त्यामुळे सूक्ष्म दाते व झिजेच्या खुणा नष्ट होतात. दात कापसात गुंडाळून जवळच्या विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागास किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास दाखवावा.

मँटेल यांच्यापाशी मोठे पद नव्हते. होते ते जपलेले दात आणि तुलना करीत राहण्याची चिकाटी. या दोन्ही गोष्टी शाळकरी मुलासही साध्य आहेत.