न फाटणारा कागद आणि जिनवाणीचा विनय

जिनमंदिरातील पूजेच्या पुस्तकाला आयुष्य फार थोडे. अभिषेकाच्या जलाचे थेंब, चंदन-केशराने माखलेली बोटे आणि चातुर्मासातील दमट हवा यांच्यापुढे साधा कागद फार काळ टिकत नाही. पाने सुटतात, कसर लागते, बुरशी धरते. आणि बुरशी व कसर पुसून काढताना होणारी हिंसा श्रावकाच्या मनाला बोचते. त्यामुळे ‘पाण्याने न भिजणारा, हाताने न फाटणारा’ कागद बाजारात आला, तेव्हा पूजापाठ आणि तिथिदर्पण छापून घेणाऱ्यांचे लक्ष त्याकडे जाणे स्वाभाविकच होते.

छापखान्यात ज्याला ‘नॉन-टिअरेबल’ म्हणतात तो हा कृत्रिम कागद नावापुरताच कागद आहे. त्यात लाकडाचा वा चिंध्यांचा लगदा नसतो. तो पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर या प्लास्टिकचा पातळ पत्रा असतो. डिजिटल यंत्रावर छपाई करताना या दोहोंतील भेद विसरून चालत नाही. पावडर टोनरची यंत्रे टोनर तापलेल्या रुळाखाली वितळवून पक्का करतात आणि त्या रुळाचे तापमान बहुधा १८० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंशांना वितळते, तर पॉलिएस्टर २५० अंशांपर्यंत टिकाव धरते. स्वस्त म्हणून आणलेला चुकीचा एक ताव आत गेला, तर तो आक्रसून रुळाला चिकटतो आणि दिवसभराच्या कमाईपेक्षा दुरुस्तीचा खर्च अधिक होतो. द्रव शाईच्या यंत्रांना एवढी उष्णता लागत नाही, पण तेथे तावावर आधी प्रायमरचा लेप हवा. नाहीतर नखाने खरवडताच अक्षर निघते.

शिवाय स्थिर विजेने ताव एकमेकांस चिकटून दोन-दोन आत जातात. कापताना पात्याची धार बोथट असेल, तर कडेला बारीक खाच पडते आणि न फाटणारा म्हणवणारा कागद नेमका तेथूनच सरळ फाटत जातो. घडी घातलेले पान पुन्हा उलगडू पाहते, साध्या गोंदाची बांधणी धरत नाही. जाड ग्रंथासाठी हा कागद नव्हेच. आरती-पूजेचे दोन-चार पानी पत्रक, तुपाच्या डब्यावरचे लेबल, कापडाच्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी, अशा कामांत तो आपली किंमत वसूल करून देतो.

जिनवाणी कशावर उतरवावी हा प्रश्न समाजाला नवा नाही. मूडबिद्रीची धवला ताडपत्रावर होती. एकोणिसाव्या शतकात शास्त्रे छापण्यास मोठा विरोध झाला. त्या काळी शाई लावणारे रूळ सरस आणि काकवी यांपासून बनत, आणि सरस म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचा अर्क, हे ध्यानी घेतले तर त्या विरोधाला निव्वळ हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला भाग १९३९ साली अमरावतीहून छापील रूपात प्रसिद्ध झाला. आणि आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हेच सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवरही कोरले गेले.

ताम्रपट कितीही टिकला तरी कोणाला उपद्रव देत नाही. प्लास्टिकचे तसे नाही. जीर्ण पाने जलात विसर्जित करण्याची रीत काही ठिकाणी आहे. साधा कागद तेथे विरघळतो, हा विरघळत नाही. त्याचे कण होत होत ते जलचरांच्या पोटी जातात. रद्दीत घातला तर लगदा बिघडवतो, जाळला तर धूर विषारी. निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळली जाणारी प्लास्टिकची फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर निषिद्ध झाली. हा कागद त्या यादीत नाही, पण कायद्याची परवानगी आणि अहिंसेची परवानगी यांत अंतर असते, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

म्हणून ज्या पत्रिकेचे आयुष्य आठ दिवसांचे, तिच्यासाठी हा कागद मागणाऱ्या ग्राहकाला जाड आर्ट पेपर सुचवणे हा छपाईवाल्याचा खरा सल्ला ठरतो, जरी त्यात नफा कमी असला तरी. मंदिरात मात्र, जेथे एकच पत्रक वर्षानुवर्षे ओल्या हातांनी हाताळले जाणार आहे, तेथे पॉलिएस्टरचा ताव योग्य; फक्त विश्वस्तांनी छापलेल्या प्रती मोजून वहीत नोंदवाव्यात, जीर्ण झालेल्या परत जमा कराव्यात आणि श्रुतपंचमीला किंवा ज्ञानपंचमीला ग्रंथभांडाराची झाडलोट होते तेव्हा त्या नदीकडे न जाऊ देता वेगळ्या बांधून ठेवाव्यात.