देह खरा, वाक्यं उसनी

अमेरिकेचा दर्यावर्दी जॉन पॉल जोन्स याच्याविषयी लोकांचा संशय नेमका चुकीच्या जागी असतो. ११३ वर्षांनी पॅरिसच्या जमिनीखालून काढलेला मृतदेह त्याचाच कशावरून, असं जो तो विचारतो. त्याच्या तोंडची म्हणून सांगितली जाणारी वाक्यं मात्र कुणी तपासत नाही. कागदपत्रं पाहिली तर उलटंच दिसतं. देहाची ओळख बऱ्यापैकी पक्की आहे आणि वाक्यांचं मूळ डळमळीत आहे.

नावापासूनच सुरुवात करू. तो जन्माने जोन्स नव्हता आणि अमेरिकनही नव्हता. स्कॉटलंडमधल्या कर्कबीनजवळ आर्बिगलंड नावाच्या जमीनदारीवर त्याचे वडील माळी होते. ६ जुलै १७४७ रोजी जन्मलेल्या या मुलाचं नाव जॉन पॉल, एवढंच. तेराव्या वर्षी तो व्हाइटहेवन बंदरातून जहाजावर उमेदवारीला लागला. पुढे काही काळ त्याने गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवरही काम केलं. गौरवग्रंथ हा भाग घाईघाईने उरकतात. त्या धंद्याचा वीट येऊन तो बाहेर पडला हे खरं, पण आधी तो त्यात होता हेही खरंच. १७७३ मध्ये टोबॅगो बेटावर पगारावरून खलाशी बिथरले, तेव्हा त्यांच्यातल्या एकाला त्याने तलवारीने ठार केलं. खटल्याला उभं न राहता तो निसटला आणि व्हर्जिनियात पोचला तो ‘जोन्स’ हे आडनाव लावून. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका जोन्स कुटुंबाच्या उपकारांची आठवण म्हणून त्याने ते घेतलं, अशी गोड कथा सांगतात. तिला त्या काळातल्या एकाही कागदाचा आधार नाही. फरारी माणसाने सहज खपून जाईल असं आडनाव घेतलं, हे स्पष्टीकरण मला पुरेसं वाटतं.

इंग्लंडमध्ये तो चाचा म्हणून बदनाम झाला आणि तिथल्या स्वस्त चित्रांत तो तसाच रंगवला गेला. प्रत्यक्षात डिसेंबर १७७५ पासून त्याच्याकडे अमेरिकन काँग्रेसची लेफ्टनंटपदाची सनद होती. वाद त्या सनदेचा नव्हता, ती देणाऱ्या काँग्रेसचा होता, कारण ब्रिटनच्या लेखी ते सरकारच नव्हतं. १७७९ मध्ये तो जिंकलेली जहाजं घेऊन हॉलंडच्या टेक्सेल बंदरात शिरला, तेव्हा ब्रिटिश राजदूत सर जोसेफ यॉर्क याने याच मुद्द्यावर डचांकडे तगादा लावला. कान्होजी आंग्र्यांना छत्रपतींनी सरखेल केलं होतं, तरी ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात ते चाचेच राहिले. समोरच्याची सत्ता मान्य करायची नसली की त्याच्या आरमारावर हा शिक्का मारण्याची इंग्रजांना सवयच होती. एक मात्र कबूल करायला हवं. एप्रिल १७७८ मध्ये जोन्सच्या खलाशांनी सेल्कर्कच्या अर्लच्या घरातली चांदीची भांडी उचलून नेली. हेतू अर्लला ओलीस धरण्याचा होता, पण तो घरी नव्हता. जोन्सने पुढे ती भांडी स्वतःच्या पैशांनी विकत घेऊन परत पाठवली.

आता त्या सुप्रसिद्ध उत्तराकडे वळू. २३ सप्टेंबर १७७९ च्या संध्याकाळी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर फ्लॅम्बरो हेडजवळ त्याच्या ‘बॉनम रिशार’ची ब्रिटिशांच्या ‘सेरापिस’शी गाठ पडली. ‘बॉनम रिशार’ म्हणजे पूर्वेकडच्या व्यापारात झिजलेलं एक जुनं फ्रेंच जहाज. ‘सेरापिस’ नवी होती, तिच्या तोफा भारी होत्या आणि ती चाळीसहून अधिक व्यापारी जहाजांच्या राखणीला होती. जोन्सने आपलं जहाज तिला भिडवून दोरांनी जखडून टाकलं. तास न् तास हाणामारी चालली. त्याच्याच ताफ्यातल्या ‘अलायन्स’चे गोळे त्याच्यावर येऊन पडले. शेवटी त्याच्या एका खलाशाने डोलकाठीच्या आडव्या काठीवर सरकत जाऊन टाकलेला हातगोळा ‘सेरापिस’च्या झडपेतून आत गेला, खाली मांडून ठेवलेली दारू पेटली आणि ब्रिटिश कप्तान पिअरसनला निशाण उतरवावं लागलं. दोन दिवसांनी ‘बॉनम रिशार’ बुडाली. जोन्स जिंकलेल्या जहाजावर उभा राहून आपलं जहाज तळाला जाताना पाहत होता. सगळे व्यापारी मात्र सुखरूप निसटले, म्हणून इंग्लंडने हरलेल्या पिअरसनला ‘सर’ केलं.

शरण येतोस का, या पिअरसनच्या प्रश्नावर जोन्स म्हणाला की मी अजून लढायला सुरुवातही केलेली नाही, ही गोष्ट अमेरिकेत लहान मुलालाही ठाऊक असते. हे शब्द छापले गेले १८२५ मध्ये, म्हणजे लढाईनंतर ४६ वर्षांनी. ते सांगणारा रिचर्ड डेल हा त्याचा लेफ्टनंट. डेल लढाईत हजर होता, म्हणून ही साक्ष फेकून देता येत नाही, पण ती एका म्हाताऱ्याची आठवण आहे. जोन्सने स्वतः लढाईनंतर लगेच बेंजामिन फ्रँकलिनला अहवाल पाठवला. त्यात आपण ठाम नकार दिला एवढंच तो सांगतो, वाक्य देत नाही. पुढे फ्रान्सच्या राजासाठी लिहिलेल्या आठवणींत त्याने उत्तर दिलं आहे, पण त्याचे शब्द वेगळे आहेत. नकार दिला हे निश्चित, त्याची शब्दरचना निश्चित नाही.

‘अमेरिकी नौदलाचा जनक’ आणि ‘अॅडमिरल’ ही बिरुदंही जपूनच वापरावीत. अमेरिकेत तो कप्तानाच्या वर कधी गेला नाही. रिअर अॅडमिरल झाला तो १७८८ मध्ये, रशियाच्या कॅथरीन राणीच्या चाकरीत, तुर्कांविरुद्ध काळ्या समुद्रावर. ज्या नौदलात तो लढला ते १७८५ मध्ये मोडीत निघालं. आजच्या नौदलाची उभारणी त्याच्या मृत्यूनंतरची आहे आणि त्यातली पहिल्या क्रमांकाची सनद जॉन बॅरीच्या नावाची आहे.

यानंतर पॅरिस. १८ जुलै १७९२ रोजी मूत्रपिंडाच्या आणि फुप्फुसाच्या आजाराने तो गेला. वय ४५. ‘कफल्लक मेला, बेवारस पुरला’ असं ज्याच्या-त्याच्या तोंडी असतं. कफल्लक तो नव्हता. त्याने मृत्युपत्र केलं आणि त्यात बहिणींना वाटून देण्याजोगी मालमत्ता होती. मरणाच्या दिवशी ते मृत्युपत्र उतरवून घ्यायला अमेरिकेचा राजदूत गव्हर्नर मॉरिस आला होता. ‘गव्हर्नर’ हे त्याचं नाव, हुद्दा नव्हे. काम आटोपून तो जेवणाच्या बैठकीला गेला. वारसांचे पैसे थाटामाटावर उधळू नयेत, अंत्यविधी स्वस्तात उरकावा, हा त्याचा आग्रह. मॉरिसला त्याबद्दल खूप शिव्या बसल्या आहेत आणि त्या सगळ्या अनाठायी नाहीत. शेवटी सिमोनो नावाच्या एका फ्रेंच अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून ४६२ फ्रँक दिले.

त्या पैशांनी पुढचं सगळं शक्य झालं. देह दारूच्या अर्कात जपून शिशाच्या पेटीत ठेवला, भोवती गवत ठासलं आणि पेटीला झाळ लावली. अमेरिकेने कधी मागणी केली तर नेता यावा, हा हेतू त्याच्या एका मित्राने बहिणीला कळवलेला आहे. म्हणजे देह नशिबाने टिकला नाही, टिकवायचा म्हणून टिकवला. बेवारसपणाची गोष्टही तपासावी लागते, कारण फ्रान्सच्या विधानसभेने अंत्ययात्रेला आपले प्रतिनिधी पाठवले होते. परदेशी प्रॉटेस्टंटांसाठी राखलेल्या सेंट लुई दफनभूमीत त्याला पुरलं. राज्यक्रांतीच्या धामधुमीत ती जागा बंद पडली, विकली गेली आणि तिच्यावर इमारती उठल्या. दफनाची नोंद असलेली पुस्तकं १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या उठावातल्या आगीत जळाली. सुदैवाने शार्ल रीड या संशोधकाने ती नोंद आधीच उतरवून ठेवली होती.

अमेरिकेचा राजदूत होरेस पोर्टर याने १८९९ पासून चिकाटीने शोध घेतला, तोही पदरमोड करून. फेब्रुवारी १९०५ मध्ये घरांखाली विहिरीसारखे खड्डे आणि त्यांतून आडवे बोगदे खणायला सुरुवात झाली. शिशाच्या पेट्या पाचच सापडल्या. तिसरीवर नाव नव्हतं. ७ एप्रिलला ती उघडली तेव्हा अर्काचा दर्प आला आणि आत मांस, त्वचा, लांब गडद केस, सगळं शाबूत होतं. तलवार किंवा गणवेश नव्हता. एका तागाच्या टोपीवर एक अक्षर विणलेलं होतं. सरळ धरलं तर ते ‘जे’ दिसे, उलटं धरलं तर ‘पी’.

टोपीवरून ओळख पटली असं समजण्याचं कारण नाही. उंची नोंदींशी जुळली. मानववंशशास्त्रज्ञ पापियो याने चेहऱ्याची मापं शिल्पकार हूदोंने जोन्सच्या हयातीत घडवलेल्या अर्धपुतळ्याशी ताडून पाहिली आणि ती जुळली. शवविच्छेदनात मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराच्या आणि न्यूमोनियाच्या खुणा मिळाल्या. त्या काळात डीएनए चाचणी नव्हती, त्यामुळे आजच्या न्यायालयाच्या अर्थाने पुरावा म्हणता येणार नाही. पण शिशाच्या पाच पेट्यांतून एक निवडायची होती आणि उंची, चेहरा, आजार अशा तीन स्वतंत्र वाटा एकाच पेटीपाशी येत होत्या. मला तरी हे पुरेसं आहे.

६ जुलै १९०५ ला, त्याच्या वाढदिवशी, पॅरिसमध्ये लष्करी इतमामाने निरोप झाला. अमेरिकेची युद्धनौकांची तुकडी त्याला घेऊन अटलांटिक ओलांडून गेली. एप्रिल १९०६ मध्ये अॅनापोलिसच्या नौदल अकादमीत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी भाषण केलं. मोठ्या नौदलासाठी पैसे हवे असलेल्या रूझवेल्टांना अशा वीराची गरज होती, हे त्या सोहळ्याबद्दल बोलताना विसरू नये. ‘मायदेशी येताच भव्य समाधी मिळाली’ हा आणखी एक समज. सोहळ्यानंतर पेटी अकादमीच्या वसतिगृहाच्या जिन्याखाली पडून राहिली आणि छात्रांनी त्यावर टवाळखोर गाणंही रचलं. चॅपलखालचं तळघर तयार होऊन, सुमारे २१ टनांच्या संगमरवरी पेटीत तो विसावला तो २६ जानेवारी १९१३ ला.

देहाचा शोध चालू होता त्याच सुमारास ऑगस्टस ब्यूएल नावाच्या लेखकाचं दोन खंडांचं जोन्सचरित्र अमेरिकेत गाजत होतं. ते १९०० मध्ये आलं. त्यात पत्रं होती, संवाद होते आणि पोर्ट्समथच्या मुलींनी आपल्या झग्यांचं कापड फाडून जोन्सला ध्वज शिवून दिल्याचा प्रसंग होता. त्यातलं कितीतरी ब्यूएलने घरी बसून रचलेलं निघालं. लबाडी १९०६ मध्येच चव्हाट्यावर आली आणि पुढच्या अभ्यासकांनी तिची चिरफाड केली. नौदल अधिकारी कसा असावा, तो कुशल खलाशी तर हवाच, पण सुसंस्कृत सभ्य गृहस्थही हवा, असा उपदेश करणारं जोन्सचं ‘पत्र’ याच पुस्तकातलं. जोन्सच्या मतांशी तो उपदेश मिळताजुळता असेलही, पण शब्द ब्यूएलचे आहेत. त्या तळघराच्या वरच, त्याच अकादमीत, छात्रांच्या पिढ्यांनी तो तोंडपाठ केला आहे.