पेनड्राइव्हवर एन्व्हायर्नमेंट नको, यादी न्या

समजा, तुम्ही हिंगणघाटच्या बाजार समितीतल्या कापसाच्या भावांवर एक छोटा प्रोजेक्ट करताय. वर्ध्याला कॉलेजच्या लॅबमध्ये स्क्रिप्ट झकास चालली. अल्लीपूरला घरी येऊन लावली, तर एरर: डेटाफ्रेमला 'अपेंड' नाहीच! कोड तोच, डेटा तोच. मग बदललं काय? पांडाजची आवृत्ती. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या पांडाज २.० मधून डेटाफ्रेमचं 'अपेंड' काढून टाकलंय. आता 'कॉनकॅट' वापरायचं.

एरर आली तर बरंच, निदान कळतं तरी. खरी पंचाईत गुपचूप बदलणाऱ्या उत्तरांची. सायकिट-लर्नच्या ०.२२ आवृत्तीत रँडम फॉरेस्टमधल्या झाडांची ठरलेली संख्या १० वरून १०० झाली. तुम्ही आकडा स्वतः दिला नसेल, तर तीच ओळ वेगळा निकाल देते. प्रबंधातलं कोष्टक उद्या कुणी पुन्हा काढून मागितलं, तर काय दाखवाल?

म्हणून प्रत्येक प्रोजेक्टला त्याचं वेगळं एन्व्हायर्नमेंट द्या. पायथन ३.३ पासून (२०१२) त्याची सोय आतच आहे. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना रोमन लहान अक्षरं वापरा.

१. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये: 'पायथन -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह' (व्ही-ई-एन-व्ही). उबंटूवर 'पायथन३'.

२. ते चालू करा. विंडोजवर '.व्हेन्व्ह'मधल्या 'स्क्रिप्ट्स'मधलं 'ॲक्टिव्हेट'. लिनक्सवर 'सोर्स' लिहून 'बिन'मधलं. ओळीच्या सुरुवातीला कंसात नाव दिसलं की झालं.

३. आता 'पिप इन्स्टॉल' करा. पॅकेजेस याच फोल्डरात जातात, बाकी प्रोजेक्टना धक्का नाही.

४. 'पिप फ्रीझ'चं आउटपुट 'रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी'मध्ये साठवा. पायथनची आवृत्ती त्यात येत नाही, ती वेगळी लिहून ठेवा.

आता गावाकडचा प्रश्न: नेट धड चालत नाही. मग '.व्हेन्व्ह' फोल्डरच पेनड्राइव्हवर उचलून आणावासा वाटतो. तसं करू नका. त्यात त्या मशीनवरचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. दुसरीकडे ते बहुधा चालत नाही. त्याऐवजी लॅबच्या नेटवर 'पिप डाउनलोड -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी -डी पॅकेजेस' चालवा. 'पॅकेजेस' फोल्डर, यादी आणि तुमचा कोड घरी न्या. घरी नवं एन्व्हायर्नमेंट बनवून 'पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स पॅकेजेस -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी' द्या. नेटशिवाय सगळं बसतं. अट एकच: दोन्हीकडे ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथनची आवृत्ती सारखी हवी.

एन्व्हायर्नमेंट बिघडलं तर दुरुस्त करत बसू नका. खुशाल डिलीट करा, यादीवरून पुन्हा उभारा. जपायची ती यादी. संशोधनात 'माझ्याकडे चाललं होतं' याला पुरावा म्हणत नाहीत. दुसऱ्याकडे चाललं पाहिजे. दोन वर्षांनंतरचे तुम्हीसुद्धा त्या दुसऱ्यांतच आलात.