पूल टेबल घरी घ्यावे की बाहेर जाऊन खेळावे?

आमेरच्या किल्ल्याखालून जाणारा रस्ता पुढे कूकसमार्गे दिल्लीकडे जातो. या पट्ट्यात हॉटेले, रिसॉर्ट आणि सुट्टीपुरती वापरायची घरे उभी राहिली आहेत. असे घर बांधताना पूल टेबलासाठी एक खोली राखून ठेवावी का, हा प्रश्न हौशी कुटुंबांत निघतोच. पुण्याजवळ बंगला बांधणाऱ्यांपुढे किंवा ठाण्यात मोठी सदनिका घेणाऱ्यांपुढेही तोच प्रश्न असतो. टेबल घरी असेल तर मुले डोळ्यांसमोर राहतील, हवे तेव्हा खेळता येईल, तासाचे भाडे वाचेल. दुसरीकडे, चार महिन्यांनी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जातील, ही भीतीही खोटी नसते.

जयपूरच्या राजघराण्याला, म्हणजे ज्यांची आधीची राजधानी आमेर होती त्या कछवाह्यांना, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच पडला होता. त्यांनी काढलेले उत्तर आजही विचारात घेण्यासारखे आहे.

जॉन रॉबर्ट्स (धाकटे) हे त्या काळातील इंग्लंडचे अव्वल बिलियर्डपटू. खेळाच्या निमित्ताने ते भारतातही येत असत. जयपूरच्या महाराजांनी त्यांची ‘दरबारी बिलियर्डपटू’ म्हणून तहहयात नेमणूक केली. वेतन वर्षाला ५०० पौंड, खर्च वेगळा. वर्षातून एक महिना जयपूरला येऊन राहावे, एवढीच अट होती. महाराजांकडे टेबलाची वाण नव्हती, जागेची तर नव्हतीच. त्यांना कमी होती ती तोडीच्या जोडीदाराची आणि तो त्यांना समुद्रापलीकडून पगार देऊन आणावा लागला.

याच घराण्याशी संबंध असलेली याहून जुनी एक हकीकत अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. आमेरचे राजा मानसिंह अकबराच्या दरबारातील मोठे सरदार होते. त्या दरबारात चौपड, म्हणजे आपला सारीपाट, अहोरात्र रंगत असे. कधी कधी दोनशेहून अधिक लोक खेळात असत आणि सोळा डाव पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही घरी जाण्याची मुभा नसे. असा खेळ तीन-तीन महिने चाले. कंटाळून चुळबुळ करणाऱ्याला शिक्षा म्हणून मद्याचा पेला रिचवावा लागे. सम्राटाच्या घरच्या पटावरही माणसे अशी धरून ठेवावी लागत होती. सामान्य गृहस्थाला मित्रांवर एवढी सक्ती करता येत नाही.

सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये आमेरच्या डोंगरातून राजधानी खाली मैदानात आणली, तेव्हा नव्या शहराच्या मुख्य चौकांना लोकांनी ‘चौपड’ असेच नाव दिले. बडी चौपड आणि छोटी चौपड आजही गजबजलेल्या आहेत. रस्ते एकमेकांना छेदतात तो आकार सारीपाटाच्या फुलीसारखा दिसतो, म्हणून हे नाव. सारीपाट मात्र कापडाचा असे. खेळ संपला की गुंडाळून कोनाड्यात ठेवावा, ओसरीवर मंडळी जमली की पुन्हा पसरावा. घरचा खेळ आणि बाहेरचा खेळ असा भेद करण्याची गरजच त्याने ठेवली नव्हती. महाराष्ट्रात ही सोय कॅरमने दिली. बोर्ड एका घरचा, पण खेळ चाळीच्या गॅलरीत किंवा मंडळाच्या मांडवात, आणि नंतर बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेला. पूल टेबल भिंतीला टेकवता येत नाही. सगळी अडचण येथूनच सुरू होते.

जागेचे गणित

टेबल विकत घेणारे बहुतेक जण टेबलाची लांबी-रुंदी मोजतात आणि खोलीत ते बसते असे समजून पैसे भरतात. प्रत्यक्षात जागा टेबलाला लागते त्याहून अधिक खेळाडूच्या काठीला, म्हणजे क्यूला, लागते. नेहमीचा क्यू सुमारे ५८ इंच लांब असतो. चेंडू कडेला चिकटून असेल तेव्हा संपूर्ण क्यू टेबलाबाहेर राहतो. म्हणून खेळाच्या पृष्ठभागाच्या चारही बाजूंना किमान तेवढी जागा मोकळी हवी.

स्पर्धांसाठी वापरल्या जाणाऱ्या नऊ फुटी पूल टेबलाचा खेळण्याचा भाग १०० इंच लांब व ५० इंच रुंद असतो. त्यासाठी खोली किमान १८ फूट लांब आणि जवळजवळ १४ फूट रुंद लागते. आठ फुटी टेबलाला १७ फूट बाय १३ फूट ४ इंच, तर सात फुटी टेबलालाही १६ फूट बाय १३ फुटांच्या आसपास खोली हवी. टेबल दोन फुटांनी लहान केले तरी खोलीची रुंदी जेमतेम एका फुटाने कमी होते, हे गिऱ्हाइकाच्या सहसा लक्षात येत नाही. बिलियर्ड आणि स्नूकरचे पूर्ण आकाराचे बारा फुटी टेबल घ्यायचे तर २२ फूट बाय १६ फूट, म्हणजे साडेतीनशे चौरस फूट झाले. मुंबईत तेवढ्यात एक कुटुंब राहते.

ही मोजमापे भिंतीपासून भिंतीपर्यंतची आहेत. कपाट, खांब, आत उघडणारे दार यांपैकी काहीही मध्ये आले की त्या कोपऱ्यात आखूड क्यू वापरावा लागतो. आखूड क्यूने खेळण्याची सवय लागली की हात बिघडतो, ही जाणत्या खेळाडूंची तक्रार असते. जयपूर परिसरातील जुन्या घरांत आणखी एक अडचण आहे. तेथील छते दगडी पट्ट्यांची असतात आणि मध्ये तुळई न घालता अशी पट्टी साधारण दहा-बारा फुटांपर्यंतच टाकता येते. त्यामुळे हवेली चार चौकांची असली तरी तिच्यातील एकेक खोली अरुंदच असते. चौक प्रशस्त असतो, पण उघड्यावर टेबल टिकत नाही.

वजनाचाही विचार करावा लागतो. चांगल्या टेबलाचा पृष्ठभाग लाकडाचा नसून पाटीच्या दगडाचा, म्हणजे स्लेटचा, असतो. इंग्लंडमध्ये जॉन थर्स्टन यांनी १८२६ च्या सुमारास हा दगड वापरात आणला, कारण लाकूड दमट हवेत फुगते आणि वाकते, दगड वाकत नाही. एक इंच जाडीच्या स्लेटचे नऊ फुटी टेबल साधारण चारशे किलो किंवा त्याहून जड भरते. पूर्ण आकाराचे स्नूकर टेबल एक टनाच्या पुढे जाते. निवासी इमारतींच्या मजल्यांची रचना सामान्यतः दर चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून केलेली असते. पूल टेबलाचा भार पसरून त्यात बसतो. बारा फुटी टेबल वरच्या मजल्यावर चढवायचे असेल तर मात्र बांधकाम अभियंत्याला विचारलेले बरे. स्वस्त टेबलांत स्लेटऐवजी दाबलेल्या लाकडी भुशाची फळी असते. कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळ्यांनंतर अशा टेबलावर चेंडू आपोआप एका बाजूला ओढला जाऊ लागला, तर दोष खेळाडूचा नसतो.

वरचे कापड लोकरीचे असते. दमट हवेत ते जड होते आणि चेंडू मंदावतो. राजस्थानात ओल नाही, पण धूळ आहे. बारीक वाळूचे कण कापडात शिरले की चेंडूंच्या घर्षणाने कापड विरते. रोज ब्रश फिरवणे, खेळ नसताना टेबल झाकून ठेवणे आणि काही वर्षांनी कापड बदलणे हा खर्च टेबलाच्या किमतीत कोणी धरत नाही.

किमतीचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या शहरातील दरांवर करावा. पण रीत कळावी म्हणून एक गृहीत उदाहरण घेता येईल. टेबल, दिवे आणि जोडणी मिळून दोन लाख रुपये लागले आणि पार्लरचा दर तासाला २०० रुपये असला, तर टेबलाच्या पैशांत पार्लरमध्ये एक हजार तास खेळता येते. आठवड्याला दोन तास या गतीने ही जवळजवळ दहा वर्षे झाली. भाडे दोघांत वाटले तर वीस वर्षे. यात घरातील सव्वादोनशे चौरस फुटांची किंमत धरलेलीच नाही. तेव्हा निव्वळ पैसे वाचवण्यासाठी टेबल घेणाऱ्याने रोज खेळण्याची तयारी ठेवावी, नाहीतर तो युक्तिवाद सोडून द्यावा.

खेळ घडतो कोठे?

स्नूकरचा जन्मच सामायिक टेबलावर झाला. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर रंगीत चेंडू मांडून हा नवा खेळ सुरू केला. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. १८८५ मध्ये कलकत्त्यात कूचबिहारच्या महाराजांकडे चेंबरलेन यांची जॉन रॉबर्ट्स यांच्याशी गाठ पडली, तेव्हा हे नियम रॉबर्ट्स यांनी समजून घेतल्याचे सांगितले जाते. ‘पूल’ या शब्दाचा अर्थच मुळी सर्वांनी मिळून जमा केलेली पणाची रक्कम. अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या जागांना पूलरूम म्हणत. तेथे शर्यतींच्या मधल्या वेळात मन रमवायला टेबले ठेवली गेली आणि जागेचे नाव खेळाला चिकटले. बदनामीही चिकटली. भारतीय पालकांच्या मनात पार्लरविषयी जी अढी असते, तिची मुळे अशी दूरवर गेलेली आहेत.

अढी असली तरी भारताला या खेळात मिळालेले यश बहुतांशी बाहेरच्या टेबलांवर घडले आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड विजेते झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ मध्ये त्यांनी तो मान पुन्हा मिळवला. गीत सेठी अहमदाबाद जिमखान्याच्या टेबलांवर तयार झाले. पंकज अडवाणी यांचाही जन्म पुण्याचा. बंगळुरूमध्ये थोरला भाऊ स्नूकर पार्लरमध्ये जात असे, त्याच्यामागून दहा वर्षांचा पंकज तेथे पोहोचला आणि आधी नुसता पाहत राहिला. २०२४ मध्ये दोहा येथे त्यांनी आपले २८ वे जागतिक अजिंक्यपद मिळवले.

पाहत राहणे ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. पार्लरमध्ये किंवा जिमखान्यात आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसावे लागते आणि त्या वेळात आपल्याहून सरस माणूस चेंडूला फिरकी कशी देतो, अवघड चेंडू सोडून सुरक्षित फटका केव्हा मारतो, हे डोळ्यांत भरते. क्लबांतील मार्कर, म्हणजे गुण मोजणारे सेवक, कित्येकदा सभासदांपेक्षा उत्तम खेळत आणि नवशिक्यांना हळूच चूक दाखवत. घरच्या खोलीत हे शिक्षण नाही. तेथे वडील आणि मुलगा एकमेकांच्याच चुका वर्षानुवर्षे गिरवत बसतात, आणि मुलगा वडिलांना सहज हरवू लागला की सहसा दोघांचाही रस संपतो.

तरीही घरच्या टेबलाची बाजू अगदीच लंगडी नाही. स्कॉटलंडचा स्टीफन हेंड्री बारा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी नाताळची भेट म्हणून त्याला लहान मुलांचे स्नूकर टेबल दिले. एकविसाव्या वर्षी, १९९० मध्ये, तो जगज्जेता झाला आणि एकूण सात वेळा त्याने ते पद जिंकले. एकच फटका शंभर वेळा मारून पाहण्याचा कंटाळवाणा सराव घरीच निभतो, कारण पार्लरमध्ये घड्याळ चालू असते. मुलींच्या दृष्टीने तर हा प्रश्न अधिक खरा आहे. पार्लर आजही अनेक गावांत पुरुषांचेच ठिकाण आहे. २००८ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी आल्यापासून तेथील हवा सुधारली, पण रात्री आठनंतर मुलीने एकटीने तेथे जाणे किती घरांना रुचेल? जिमखान्यांचे सभासदत्व महाग आहे आणि प्रतीक्षा यादी लांब. अशा वेळी वयस्कर माणसे आणि मुली यांच्यासाठी घरचे टेबल ही केवळ चैन राहत नाही. नाहीतर खेळणेच बंद होते.

मधला मार्ग म्हणून गृहनिर्माण संकुलांच्या क्लबहाउसकडे पाहता येते. टेबल सर्वांचे, जागा सोसायटीची, जोडीदार जिन्यावर भेटणारा. मात्र सर्वांचे टेबल म्हणजे कोणाचेच नाही, अशी त्याची गत पुष्कळदा होते. कापड फाटलेले, दोन चेंडू हरवलेले, क्यूची टोके झिजलेली. देखभालीसाठी एक माणूस नेमला आणि थोडे शुल्क ठेवले तर हेच टेबल चांगले चालते. आमेर-कूकस रस्त्यावरच्या सुट्टीच्या घरांबाबत तर अडचण उघडच आहे. जेथे मालक वर्षातून काही दिवस येतो, तेथे टेबल धूळ खात पडते आणि सोबत खेळणारे शेजारी मुळात नसतात.

घ्यायचेच ठरले तर आधी खोलीत जमिनीवर खडूने टेबलाची आकृती आखावी आणि हातात ५८ इंचांची काठी घेऊन तिच्याभोवती फिरून पाहावे. कोठे कोपर भिंतीला लागते ते तेव्हाच कळते. टेबल स्लेटचे आहे का, दगड किती तुकड्यांत आहे, हे विचारावे. जोडणारा कारागीर त्याच शहरात राहतो का, याचीही चौकशी करावी, कारण घर बदलताना टेबल उचलून नेता येत नाही. कापड काढून, दगड सुटे करून, नव्या जागी पुन्हा पाणसळीने समतल करावे लागते. जुने टेबल विकायला काढले की गिऱ्हाईक किमतीच्या आधी हाच खर्च विचारते.